बाजेवाल्याच्या गोष्टीचा शेवट

चैत्र लागला की आमच्या घरात पाठांतर सुरू होतं. नात परीक्षेला बसतेय. कसली परीक्षा ते तिनं मला समजावून सांगितलं, मला कळलं एवढंच की ती सरकारची आहे आणि उन्हाळ्यासारखी दरसाल येते. पल्लवी सकाळीच पंखा लावून, भिंतीला पाठ टेकून डोळे मिटते आणि म्हणत राहते. अमुक लेखक, तमुक कथा. फलाणे लेखक, बिस्तानी कथा. मध्ये श्वास घ्यायला थांबते आणि परत पहिल्यापासून. मी ओसरीवर खुर्ची टाकून बसलेला. ऊन पायापर्यंत आलं की खुर्ची मागं सरकवायची, एवढंच काम आता माझ्याकडं राहिलंय, आणि तेही थकवतं.

मी तिला विचारलं, यातली एक तरी वाचलीस का गं? ती म्हणाली, "वाचायला वेळ कुठंय आबा? नुसत्या जोड्या लावायच्या असतात."

जोड्या. म्हणजे इकडं माणसाचं नाव, तिकडं त्याच्या गोष्टीचं, आणि मध्ये एक रेघ. जोड्या आम्ही पण लावल्यात. आमच्या जोडीत माणसाचं नाव गळून गेलं होतं आणि गोष्ट तेवढी उरली होती.

जालन्याच्या मस्तगडात एका शेठच्या गोदामात आम्ही शेंगा फोडायचो. उन्हाळ्यातलं काम. मृगात भुईमूग पेरायचा तर बियाणं त्याच्या आधी तयार पाहिजे, आणि बियाण्याचा दाणा यंत्रात फोडून चालत नाही. दाण्याचं नाक दुखावलं की तो उगवत नाही, म्हणून हातानंच फोडायच्या. चिंचोळं गोदाम, वर पत्रा, खाली शेंगांचे ढीग, ढिगाभोवती बायका आणि आम्ही दोनचार गडी. टरफलांची बारीक धूळ उडायची, ती भुवयांवर बसायची, घशात बसायची. दुपारपर्यंत सगळे एका रंगाचे व्हायचे. अंगठ्याची कड फाटायची, तिच्यात धूळ जायची. आजही उन्हाळा कडक झाला की माझा उजवा अंगठा आपोआप ठसठसतो. डॉक्टर म्हणतो काही नाही. त्याला काय माहीत.

शेंगा फोडणारा माणूस शेंगा खातो. यात चोरी नाही, हात तोंडाकडं जातोच. शेठला ते सोसवत नव्हतं. त्यानं आधी भजनं म्हणायला लावून पाहिली, तर बायका आळीपाळीनं गप्प बसून खायच्या आणि बाकीच्या जोरात म्हणायच्या. मग त्यानं गोष्टीची युक्ती काढली. खेड्यात गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, वाक्य संपलं की "हं" म्हणायचं. शेठचा नियम झाला, गोष्ट चालू असताना वाक्यागणिक प्रत्येकाचा "हं" आला पाहिजे. भरल्या तोंडाचा "हं" वेगळा येतो. शेठ गादीवर बसून बराबर ओळखायचा.

आणि ही गोष्ट वाचायला त्यानं निवडलं मला.

मी चार बुकं शिकलेला, तीही उर्दूत. तेव्हा इकडं निजामाचं राज्य, शाळेत अलिफ-बे. चौथीनंतर बाप गेला आणि मी शाळेतून उठलो. पुढं राज्य बदललं, मराठी शाळा झाल्या, आणि लोक मला म्हणाले, किसन, तुझं शिक्षण वाया गेलं. वाया जायला ते काय दूध होतं? मस्तगडातल्या दुकानांच्या जुन्या पाट्या मी वाचू शकत होतो आणि माझ्या वयाची नवी शिकलेली पोरं त्यांच्याखालून आंधळ्यासारखी जायची. वाचनालयात उर्दू पुस्तकांचं कपाट होतं, त्याला फारसा कोणी हात लावत नव्हतं. शेठच्या नावावर मी तिथून कथांची पुस्तकं आणायचो. पोत्यांच्या थप्पीवर बसायचो. एक वाक्य डोळ्यांनी उर्दूत वाचायचं, तोंडानं मराठीत सांगायचं. हुंकार येईपर्यंत पुढचं वाक्य मनात फिरवून घ्यायला सवड मिळायची. शेठला शेंगा वाचवायला हुंकार लागत होता, मला वाक्य जुळवायला.

लेखकांची नावं मी पहिल्यांदा सांगायचो. लांबलचक नावं, मागंपुढं गावाचं नाव, पदवी. कोणाच्या लक्षात राहायची नाहीत. मग ज्याची जी गोष्ट तेच त्याचं नाव पडलं. एका मास्तराला वारसाहक्कात उंट मिळतो आणि तो उंट बांधायला साऱ्या गावात जागा सापडत नाही, अशी एक गोष्ट होती. तिचा लेखक उंटवाला. दोन भावांत एकच चष्मा, वाटण्या होतात तेव्हा तो कोणाकडं जाणार यावर घर फुटतं, त्या गोष्टीचा लेखक चष्मेवाला. तो मोठा नावाजलेला माणूस होता म्हणे, दिल्लीत त्याला हार घालायचे. आमच्याकडं तो चष्मेवाला.

ऐकणाऱ्यांत तट पडले होते. सकीनाबी म्हणून एक दांडगी बाई होती, ती उंटवाल्याची. चष्मेवाल्याचं पुस्तक काढलं की ती नाक मुरडायची. "ये तो रुलाताच है. किसनभाई, उंटवाले को बुलाओ ना," म्हणायची, जसा काही तो बाहेर पानटपरीवर उभा आहे. लेखक हा गोष्ट मनानं रचतो हे कोणालाच पटत नव्हतं. उंटवाल्याच्या घरी उंट असणारच, त्याशिवाय त्याला उंटाचं मुतणं एवढं बारकाईनं कसं ठाऊक? मी समजावायचो की बाई, ही कल्पना असते. तर सगळ्या मिळून मला वेड्यात काढायच्या. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं त्यांचंच खरं असेल. न पाहिलेलं कोण लिहितो?

पल्लवीची आई चहा देऊन गेली. चहात साखर नाही. आत पाठांतर चालूच. मी कान देतो, एखादं नाव ओळखीचं येतं. मी मनात म्हणतो, हा तर आपला चष्मेवाला. पण गोष्ट कोणती म्हणून ती भलतंच काही सांगते. मोठी कादंबरी असेल त्याची. आम्हाला त्याचा चष्मा तेवढा माहीत.

एका सालचा उन्हाळा मला विसरता येत नाही. पाणी आटलं होतं, रांजणाच्या तळाला वाटी घासायची. राज्य बदलून सहासात वर्षं झाली असतील. आमच्यात रुक्मिनबाई म्हणून बाई होती, आष्टीची. जालन्यात बहिणीपाशी राहायची आणि गोदामात यायची. चाळिशीच्या पुढची, उंच, बोलायला कमी. तिच्याइतकं जल्दी कोणी शेंग फोडत नव्हतं, आणि ती कधी दाणा तोंडात टाकत नव्हती. तिचा एकुलता पोरगा, एकनाथ, निजामाच्या अखेरच्या वर्षी रझाकारांची धामधूम चालू होती तेव्हा गावातल्या पोरांबरोबर वऱ्हाडाकडं निघून गेला. लोक जीव वाचवायला तिकडं जात होते. बाकीची पोरं परत आली. एकनाथ आला नाही. कोणी म्हणालं वाटेत तापानं पडला, कोणी म्हणालं अकोल्यात पाहिला. पक्कं कोणी सांगत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात तिचा दीर आष्टीहून यायला लागला. तो तसा वाईट माणूस नव्हता. पायजमा, टोपी, हातात पिशवी. गोदामाच्या दाराशी उभा राहायचा, जेवणाच्या सुट्टीत तिच्याशी बोलायचा. त्याचं म्हणणं एवढंच की इतकी वर्षं झाली, आता पोराचे दिवस घालू. दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, त्याचा जीव मोकळा होईल. आईनं हो म्हणायला पाहिजे, त्याशिवाय भटजी बसत नाही. पोराच्या वाट्याचं रानही त्यात होतं, ते तो बोलत नव्हता, पण आम्हाला सगळ्यांना कळत होतं. रुक्मिनबाई ऐकून घ्यायची. हो म्हणायची नाही, नाही पण म्हणायची नाही. पदर झटकून परत ढिगापाशी येऊन बसायची. तो जाताना सांगून जायचा, "वैनी, पुढच्या बाजाराला येतो. तवा सांगा."

आणि नेमकं त्याच आठवड्यात मी बाजेवाल्याचं पुस्तक आणलं.

आत काय आहे याची मला काही खबर नव्हती. कपाटात हाताला लागलं, जिल्द, म्हणजे बांधणी, चांगली होती, घेतलं. गोष्ट अशी, की एका म्हातारीचा मुलगा मिठाच्या व्यापाऱ्यांबरोबर लांब गेलेला असतो. तिच्या अंगणात त्याची सुतळीची बाज आहे. दर उन्हाळ्यात ती बाज उसवते, सुतळी नदीवर नेऊन धुते, वाळवते आणि परत विणते. त्या बाजेवर ती स्वतः बसत नाही, दुसऱ्याला बसू देत नाही. गाव लग्नासाठी मागतं, देत नाही. आजारी माणसासाठी मागतं, तेव्हा आपलं अंथरूण देते पण बाज देत नाही. गाव तिला नावं ठेवतं. एवढीच गोष्ट, पण त्या माणसानं ती सुतळी अशी लिहिली होती की वाचता वाचता बोटांना काचायची.

पहिल्या दिवशी सकीनाबीसुद्धा गप्प. दुसऱ्या दिवशी शेठ गादीवरून उठून आत येऊन बसला. गिऱ्हाईक बाहेर हाका मारत होतं, तो हातानं थांब म्हणून खुणावत होता. हुंकार येत होते, एका सुरात, दबके. रुक्मिनबाईचा हुंकार मला वेगळा ऐकू यायचा. खालचा, जाड. खाली बघून फोडत होती आणि देत होती.

मग मी ते वाक्य वाचलं. संध्याकाळची वेळ आहे, म्हातारी बाजेची शेवटची सुतळी ओढून घेतेय, आणि दारात एक परका माणूस येऊन उभा राहतो. पायावर नदीपल्याडची धूळ. बाजेकडं बघतो, बसत नाही. म्हणतो, आई, मी तुमच्या मुलाकडून आलोय.

मी थांबलो. हुंकार आला. पण पुरा आला नाही. त्यात एक जागा मोकळी होती, आणि ती सगळ्यांनाच कळली.

सवयीनं शेठ म्हणाला, कोण खाऊन राह्यलं? मग त्याची नजर तिच्यावर गेली. तिचे हात थांबलेले. "रुक्मिनबाई, तोंड उघडा," तो म्हणाला. तिनं उघडलं. आत काही नव्हतं. जिभेवर पांढरी धूळ होती. शेठनं मान फिरवली. त्याला लाज वाटली असावी, पण शेवट ऐकायची घाई त्याहून मोठी होती.

तो मला म्हणाला, "वाच रे पुढं."

"हुंकार न्हाई आला, शेठ."

"एकीचा न्हाई आला. बाकीच्यांनी दिला ना?"

"नेम तुमचाच हाय. सगळ्यांचा आला पाहिजे."

"म्या देतो तिच्या बदली. हं. घे, दिला."

"तुमचा चालत न्हाई. तुम्ही शेंगा फोडत न्हाई."

गोदाम हसलं. शेठ तापला आणि खरंच ढिगापाशी मांडी घालून बसला. दोन शेंगा फोडल्या, तिसरीला त्याचं नख मोडलं. सकीनाबी पदर तोंडात घालून हसायला लागली. पण रुक्मिनबाई हसली नाही. ती माझ्याकडंच बघत होती, आणि मला कळलं की यातलं एकही अक्षर पुढं जाणार नाही.

मला लोक हट्टी म्हणतात. आहेच. शेठनं सांगितलं, तिला उठून जायला सांग नाहीतर तू जा. मी पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं. वाचणारा मी, पुस्तक माझ्या हातात, आणि त्या गोदामात ती लिपी दुसऱ्या कोणालाच येत नव्हती. माझी चार बुकं त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली.

शेठ बाहेर गेल्यावर मी तिला हळूच म्हणालो, मावशी, गोष्टच आहे. कदाचित चांगलाच निरोप असेल. तेव्हा ती जे बोलली ते मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं.

"मेला म्हनला तर माझा मेला. आला म्हनला तर त्या म्हातारीचा आला, माझा न्हाई आला. दोन्हीत मला काय हाय रं किसन? म्या हं म्हनले की झालं. तिकडं तो पुतळा करून बसलाय, इकडं तुझा बाजेवाला. सगळ्यांना माझ्या तोंडातून तेवढंच पाहिजे."

मग ती शेंगा फोडायला लागली. बायकाही लागल्या. त्या दुपारी कोणी बोललं नाही, कोणी गायलं नाही, आणि कोणी खाल्लंही नाही. नुसता टरफलांचा आवाज. शेठ दारातून ते बघून गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही कामावर गेलो, आणि कोणीच आम्हाला हाकललं नाही. शेठ म्हणाला, दुसरं काहीतरी काढ, हसायचं. मी उंटवाला काढला. रुक्मिनबाईनं उंटाला हुंकार दिला, वाक्यागणिक, बराबर.

बाजारच्या दिवशी दीर आल्ता. मी पाणी प्यायच्या निमित्तानं रांजणापाशी उभा होतो. तो बराच वेळ बोलला. ती एका हातानं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावरची धूळ पुसत राहिली. शेवटी तो म्हणाला, "वैनी, नुसतं हं म्हना. बाकी म्या बघतो." ती त्याच्याकडं बघून इतकंच म्हणाली की उन्हाचं आलात, पाणी पिऊन जा. तो पाणी पिऊन गेला. परत त्या उन्हाळ्यात आला नाही.

आता कोणी म्हणेल, तुला शेवट बदलून सांगता आला असता. बायकांना काय कळणार होतं. शेठही मला एकदा बाजूला घेऊन हेच म्हणाला होता. मी ते करणारा नाही. दुसऱ्या माणसानं लिहिलेलं आहे ते आहे, आपण तोंडानं उचलून इकडून तिकडं ठेवायचं. आणि बदलून तरी काय झालं असतं? तिनं आधीच सांगून टाकलं होतं की दोन्ही शेवट तिचे नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात गोदामात मी नव्हतो, कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो होतो. शेठ भेटला की शेवट विचारायचा. सराफ्यात भेटला, लग्नात भेटला, एकदा दवाखान्याच्या बाकावर भेटला. नुसता भुवया उंचावायचा आणि मला कळायचं. मी नाही म्हणून मान हलवायचो. तो म्हणायचा, लई हट्टी आहेस. तसाच गेला, न ऐकता. सकीनाबी मुलापाशी हैदराबादला गेली. रुक्मिनबाई बहिणीकडंच वारली. तिनं शेवटपर्यंत दिराला हो म्हटलं नाही. तिच्या दहाव्याला दिरानं तिचे आणि एकनाथचे, दोघांचे दिवस एकदाच उरकून घेतले. मी गेल्तो. भटजीनं दोन पिंड शेजारी शेजारी ठेवले, आणि कावळा लगेच आला. जमलेल्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

"आबा," आतून पल्लवीनं हाक मारली. पुस्तक घेऊन बाहेर आली. यादीतल्या एका उर्दू लेखकाच्या गोष्टीचं नाव तिनं वाचून दाखवलं, तर तो आमचा बाजेवालाच निघाला. मराठीत आलाय म्हणे, सगळ्या भाषांत आलाय, त्याच्या गोष्टी कॉलेजात शिकवतात. खाली दोन ओळींत गोष्टीचा सारांश छापलेला. तिनं तो वाचायला सुरुवात केली, म्हातारी, बाज, परका माणूस, आणि मी हात वर केला. मी म्हणालो, मनात वाच. ती म्हणाली, तुम्हाला ऐकायचं नाही का? मी म्हणालो, मला ठाऊक आहे.

"मग सांगा. बघू बराबर येतं का."

मला ठाऊक आहे हे खरं. पुस्तक परत करायच्या आधी मी वाचनालयाच्या पायरीवर बसून पुढचं पान वाचलं होतं. एकच पान होतं. वाचलं, पुस्तक आत दिलं, शिक्का मारून घेतला, आणि भर उन्हात चालत गोदामात गेलो. मृगाच्या तोंडावरचे दिवस, बियाणं पोत्यांत भरून झालं होतं, शेवटचा ढीग उरला होता. रुक्मिनबाईनं माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"देऊन आलास पुस्तक?"

"आलो."

"पुढचं वाचलंस?"

मला तिच्याशी खोटं बोलता आलं नाही. मी हो म्हणून मान हलवली. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, जसा शेठ बायकांच्या तोंडाकडं बघायचा. तिला तिथं काही वाचता येतंय का असं मला वाटलं, म्हणून मी चेहरा दगडासारखा केला. मग ती ओच्यातली टरफलं झटकत उठली.

"मंग तोंडात धर," ती म्हणाली. "गिळू नको, अन् थुंकू बी नको."

पल्लवी वाट बघत उभी होती. तिच्या पुस्तकात तो शेवट छापलेला, सगळ्या जगाला माहीत, परीक्षेत एका मार्काला विचारतात. मी न सांगून कोणाचं काय अडणार आहे. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, आबा, दमलात का?

दमलोय, मी म्हणालो, आणि तोंड मिटलं.